पोथीचं पान कुठल्या ताडाचं?

गुरुचरित्राची किंवा हरिविजयाची जुनी पोथी ज्यांच्या घरात आहे, त्यांना तिचा आकार वेगळा सांगायला नको. लांबी भरपूर, उंची बेताची, पानं सुटी, शिवण नाही. वर-खाली फळ्या किंवा पुठ्ठे आणि भोवती रुमाल. कागदाला हा आकार स्वतःहून सुचण्याचं कारण नव्हतं. हातकागदाचा ताव साच्यातून निघतो तो चांगला रुंद असतो. त्याच्या घड्या घालून शिवणं सोपं, आणि हिशेबाच्या वह्या, बाडं तशीच होत होती. तरी धर्मग्रंथ लिहायचा म्हटलं की आपले लेखक तो ताव आडव्या पट्ट्यांत कापत राहिले, कारण कागद येण्यापूर्वी हजार-दीड हजार वर्षं पोथी झाडाच्या पानावर लिहिली जात होती. तो आकार झाडाच्या पानानं ठरवलेला आहे.

हे पान ताडाचं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. मात्र ताडपत्र या एकाच नावाखाली दोन वेगळी झाडं दडलेली आहेत. दोन्ही पंख्यासारख्या पानांची आणि एकाच कुळातली. पण त्यांच्या जगण्याची रीत अगदी वेगळी. भारतीय ग्रंथाचा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल, तर कुठलं पान कुठल्या झाडाचं हे विचारावंच लागतं.

पहिलं झाड आपल्या ओळखीचं. पालघर-डहाणूच्या बाजूला रस्त्याकडेला उन्हाळ्यात ज्याचे ताडगोळे मिळतात आणि ज्याची ताडी उतरवतात, तो ताड. शास्त्रीय नाव बोरासस फ्लॅबेलिफर. पंचवीस-तीस मीटरपर्यंत सरळसोट वाढतो. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. गोळे फक्त मादीला लागतात, रस मात्र दोघांच्याही फुलोऱ्यातून निघतो. मोठा झाल्यावर तो दरवर्षी फुलतो आणि माणसाच्या दोन-तीन पिढ्या जगतो.

दुसरं झाड आपण सहसा पाहिलेलं नसतं, पण त्याचं बी मराठी घरांनी शतकानुशतकं हाताळलं आहे. दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलाच्या गळ्यात किंवा मनगटावर जो बजरबट्टू बांधत, तो या झाडाच्या बीचा मणी. झाड श्रीताड, शास्त्रीय नाव कोरिफा अंब्राक्युलिफेरा. कारवारपासून खाली मलबारपर्यंतचा किनारा आणि श्रीलंका ही त्याची भूमी. कानडीत त्याला श्रीताळे म्हणतात, मल्याळममध्ये कुडप्पना, म्हणजे छत्रीचा ताड. त्याचं एक पान पाच मीटरपर्यंत रुंद भरतं. सतराव्या शतकात श्रीलंकेत वीस वर्षं कैदेत राहिलेल्या रॉबर्ट नॉक्स या इंग्रजानं 1681 साली छापलेल्या पुस्तकात नोंदवलं आहे, की या झाडाचं एक पान पंधरा-वीस माणसांना पावसात कोरडं ठेवतं.

श्रीताडाचं आयुष्य मात्र विलक्षण आहे. तीस ते ऐंशी वर्षं तो फक्त पानं देत वाढतो. मग एकदाच शेंड्यातून फुलोरा वर येतो, सहा ते आठ मीटर उंच, लाखो फुलांचा. वनस्पतिसृष्टीत यापेक्षा मोठा फुलोरा नाही. फळं पिकायला सुमारे वर्ष लागतं. हजारोंनी फळं गळतात आणि झाड मरतं. आयुष्यभर साठवलेलं सगळं सत्त्व तो एका बहरात देऊन टाकतो.

युरोपातल्या वनस्पतिशास्त्राला ही दोन्ही झाडं कळली ती मलबारमधून, आणि त्या कामात कोकणी बोलणाऱ्या पंडितांचा वाटा आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानं ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापून घेतला. इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन गौड सारस्वत जाणकारांनी त्यासाठी माहिती पुरवली. त्यांचं 1675 सालचं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे, आणि चित्रांवर झाडांची नावं मल्याळम व अरबीबरोबर नागरीतही आहेत. ताडाची चित्रं पहिल्याच खंडात आली, नर आणि मादी झाडांची वेगवेगळ्या नावांनी. तिसऱ्या खंडाचा आरंभ श्रीताडानं होतो; या एका झाडाला तिथे बारा चित्रं दिली आहेत. लिनेयसनं 1753 साली दोन्ही झाडांना शास्त्रीय नावं दिली तेव्हा त्याच्यासमोर हाच ग्रंथ होता.

लिहिण्यासाठी दोन्ही झाडांची पानं तयार करण्याची रीत साधारण सारखीच. पंखा उलगडण्याआधीचा मधला कोवळा सुरळीसारखा कोंब कापायचा, पट्ट्या सुट्या करून मधल्या शिरा काढून टाकायच्या, पाण्यात उकळायच्या, काही ठिकाणी त्या पाण्यात हळद घालायची, मग वाळवून, घोटून गुळगुळीत करायच्या आणि एका मापात कापून दोरीसाठी भोकं पाडायची. फरक दिसतो तो त्यानंतर. श्रीताडाची पट्टी पातळ, लवचीक, लांब आणि रुंद निघते. तिच्यावर बोरूनं शाईत लिहिता येतं. ताडाची पट्टी जाडसर, अरुंद आणि खरखरीत. शाई तिच्यावर नीट धरत नाही. म्हणून ताडावर लोखंडी टोकदार लेखणीनं अक्षर कोरायचं आणि वरून काजळी चोळून पान पुसायचं. काजळी कोरलेल्या रेघेत भरून राहते आणि अक्षर उठून दिसतं. श्रीताडावर कोरताही येतं. श्रीलंकेतल्या पोथ्या श्रीताडावर कोरलेल्याच आहेत. थोडक्यात, श्रीताडापाशी लेखकाला दोन वाटा मोकळ्या होत्या, ताडापाशी जवळजवळ एकच.

या फरकाकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहणारा पहिला अभ्यासक रुडॉल्फ हर्न्ले. बॉवर हस्तलिखित वाचून प्रसिद्ध झालेल्या या विद्वानानं 1900 साली एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात ताडपत्र, कागद आणि भूर्जपत्र यांवर एक टिपण लिहिलं. जुन्या पोथ्यांचा मजकूर बाजूला ठेवून त्यानं पानंच तपासली. त्याचा निष्कर्ष असा, की उत्तरेतल्या जुन्या ताडपत्री पोथ्या श्रीताडाच्या आहेत. ताडाची पानं पोथीत दिसू लागतात ती बरीच नंतर.

उत्तरेत श्रीताड उगवत नाही, हे लक्षात घेतलं की या निष्कर्षाचं वजन कळतं. नेपाळमध्ये सुश्रुतसंहितेची 878 सालची ताडपत्री पोथी आजही आहे. काठमांडूच्या थंड खोऱ्यात ना ताड वाढतो ना श्रीताड. मध्य आशियातल्या वाळवंटात अश्वघोषाच्या नाटकांच्या ताडपत्री पोथीचे कुषाणकालीन तुकडे सापडले, ते हाइनरिश ल्यूडर्सनं 1911 साली प्रसिद्ध केले. जपानमधल्या होर्युजी विहारातली दोन ताडपत्रं तर समुद्रापार जाऊन टिकली. दक्षिणेच्या दमट किनाऱ्यावर उगवलेलं पान बैलांच्या पाठीवरून, गाड्यांतून, बोटींतून हजारो मैल गेलं, आणि जिथे कोरडी किंवा थंड हवा मिळाली तिथेच वाचलं. ज्या मलबारात आणि कानड्यात ते उगवलं, तिथल्या पावसाळ्यानं आणि किडीनं त्या काळातल्या पोथ्या खाऊन टाकल्या. जुन्या पोथीची जागा आणि तिच्या पानाची जन्मभूमी या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात त्या यामुळे.

या व्यापाराचा एक साक्षीदार महाराष्ट्राच्या वाटेवरच भेटतो. सातव्या शतकातला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग द्रविड देशातून उत्तरेकडे निघाला, कोंकणपूरला पोचला आणि तिथून महाराष्ट्रात आला. कोंकणपुरावर त्यानं लिहिलं आहे, की नगराच्या उत्तरेला तालवृक्षांचं एक वन असून त्याचा घेर सुमारे तीस ली (अंतराचं चिनी माप) आहे. त्या झाडांची पानं लांब, रुंद आणि तकतकीत असून भारतातल्या सगळ्या देशांत लिहिण्यासाठी तीच वापरतात. कोंकणपूर नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. बनवासीपासून तुंगभद्राकाठापर्यंत अनेक जागा सुचवल्या गेल्या. पण लांब, रुंद, तकतकीत हे वर्णन खरखरीत ताडाला बसत नाही. ते श्रीताडाचं आहे, आणि त्या भागातून सगळ्या देशाला लेखनसाहित्य जात होतं हे ह्युएनत्संगाच्या नोंदीवरून दिसतं.

त्यानंतर चारशे वर्षांनी अल्-बेरुनी लिहितो. त्याचं वर्णन शेजारी ठेवलं की चित्र पालटतं. 1030 च्या सुमारास तो सांगतो, की दक्षिणेत खजूर-नारळासारखं एक सडपातळ झाड असतं, त्याची फळं खातात, त्याची पानं हातभर लांब आणि तीन बोटं रुंद असतात, त्यांना ‘तारी’ म्हणतात आणि त्यांवर लिहून मधल्या भोकातून दोरी ओवतात. खायची फळं हा इथे निर्णायक पुरावा मानायला हवा. श्रीताडाचं फळ कुणी खात नाही. ते कुटून पाण्यात टाकतात ते मासे गुंगवण्यासाठी. अल्-बेरुनीपर्यंत पोचलेली माहिती आपल्या ताडगोळ्यांच्या झाडाची होती, आणि तीन बोटांची रुंदीही त्यालाच शोभते. म्हणजे अकराव्या शतकात दक्षिणेत ताडावरही लिहिलं जात होतं.

हर्न्लेचा निष्कर्ष म्हणूनच अर्धा घ्यावा लागतो. उत्तरेतल्या पोथ्यांबद्दल तो बरोबर होता. पण ताड हे झाडच भारतात उशिरा आलं, इथपर्यंत त्यावरून जाता येत नाही. संगम साहित्यात चेर राजांची खूण म्हणजे ताडाच्या फुलांची माळ. बलरामाच्या ध्वजावर ताल आहे, आणि विदिशेजवळच्या बेसनगरला पंख्याच्या पानांच्या ताडाचं दगडी स्तंभशीर्ष सापडलं आहे. आफ्रिकेत या ताडाचा जवळचा भाऊबंद आजही रानात वाढतो, त्यामुळे आपला ताड फार पूर्वी समुद्रमार्गे आला असावा असं मानणारे आहेत. तसं असलं तरी ते आगमन लेखनाच्या इतिहासाच्या पुष्कळ मागचं ठरेल. झाड गावोगाव उभं होतं. शाईनं लिहिणाऱ्यांनी त्याचं पान निवडलं नव्हतं, एवढंच.

ही निवड किती जाणीवपूर्वक होती, हे गुजरातच्या जैन परंपरेत स्वच्छ दिसतं. तिथले लेखक दोन्ही पानांना वेगळी नावं देत: श्रीताड आणि खरताड. खरताड म्हणजे गुजरातेत मुबलक उगवणारा, खरखरीत पानाचा. पोथीसाठी हवा तो दक्षिणेतून येणारा श्रीताड. बाराव्या शतकातल्या सोळंकी राजा कुमारपालाची एक कथा जैन प्रबंधांत येते. हेमचंद्राचार्यांच्या ग्रंथांच्या प्रती लिहवून घेताना ताडपत्रं संपली. राजाला फार लागलं. त्यानं उपवास धरला, आपल्या बागेतल्या खरताडांची पूजा केली आणि सकाळी ती झाडं श्रीताड झालेली दिसली. चमत्काराची बाजू श्रद्धेची; पण कथेतला व्यवहार अगदी खरा आहे. दारात उभं असलेलं झाड कामाचं नाही आणि कामाचं झाड शेकडो कोस दूर आहे, ही पाटणच्या ग्रंथलेखकांची रोजची अडचण होती. पाटण, खंभात, जैसलमेरच्या भांडारांतल्या शाईनं लिहिलेल्या लांबलचक पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ती पानं मिळवायला किती खर्च आणि खटपट पडली असेल याची कल्पना करता येईल.

श्रीताडाच्या घरच्या मुलखातली सर्वांत मोठी ठेव मूडबिद्रीची. दिगंबर जैनांचा षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका यांच्या बाराव्या शतकाच्या सुमाराच्या प्रती तिथल्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, राहिल्या. अक्षरं कानडी वळणाची, लिहिलेली शाईनं, काही पानांवर रंगीत चित्रं. दक्षिणेत असूनही त्या कोरलेल्या नाहीत, कारण पान श्रीताडाचं होतं. शतकानुशतकं या पोथ्यांचं दर्शन घेतलं जाई, वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हीरालाल जैन यांनी संपादन हाती घेतलं आणि 1939 साली धवलेचा पहिला खंड अमरावतीतून छापून निघाला; सोळा खंडांचं काम जवळपास दोन दशकं चाललं. आठशे वर्षं एका झाडाच्या पानावर राहिलेला ग्रंथ सोलापूरच्या व्यापाऱ्याच्या तळमळीनं आणि वऱ्हाडातल्या छपाईनं लोकांपर्यंत आला. महाराष्ट्रानं या परंपरेला दिलेलं हे देणं आपल्याकडे पुरेसं आठवलं जात नाही, ते आठवायला हवं.

पानानं लिपीवरही हात फिरवला असं अनेक अभ्यासक मानतात. पानातले तंतू लांबीच्या दिशेनं जातात. टोकदार लेखणीनं त्याच दिशेत लांब सरळ रेघ ओढली तर पान चिरतं. म्हणून कोरून लिहिणाऱ्या उडिया किंवा सिंहली अक्षरांना गोलाई आली, असं म्हणतात. शाईच्या बोरूला ती भीती नाही. देवनागरीची शब्दभर जाणारी शिरोरेषा तंतूंना समांतर असूनही पानाला काही करत नाही. सगळ्या लिप्यांचं वळण या एका कारणानं उलगडत नाही. तमिळ अक्षरांत कोन भरपूर आहेत, आणि तीही पानावर कोरलीच गेली. पण नंदिनागरी पाहिली की या विचारात काही तथ्य असावं असं वाटतं. दक्षिणेत संस्कृत लिहिण्यासाठी वापरल्या गेलेल्या नागरीच्या या बहिणीत प्रत्येक अक्षराला स्वतःची तुटक शिरोरेषा असते, सलग रेघ नसते. आणि तिच्या पुष्कळ पोथ्या ताडपत्रावर कोरलेल्या आहेत.

मग कागद आला. गुजरातेत चौदाव्या-पंधराव्या शतकात कल्पसूत्राच्या पोथ्या कागदावर होऊ लागल्या, पण लेखकांनी ताडपत्राची चौकट सोडली नाही. ताडपत्रात जिथे दोरीचं भोक असे, तिथे कागदावर मजकूर सोडून चौकोनी जागा ठेवली आणि तिच्यात तांबडी किंवा सोनेरी टिकली रंगवली. दोरी नाही, भोक नाही, तरी भोकाची जागा पवित्र खुणेसारखी जपली. महाराष्ट्रात दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यासारख्या ठिकाणी कागद होऊ लागला आणि मराठी ग्रंथलेखन मुख्यतः कागदावरच वाढलं. टिकली पुढे नाहीशी झाली; आडवी सुटी पानं राहिली. आपल्या देवघरातली पोथी या घराण्यातली. तिचं मूळ शाईनं लिहिलेल्या श्रीताडाच्या पानात आहे, कोरलेल्या ताडाच्या पानात नाही, असं मला पुराव्यावरून ठामपणे वाटतं: बोरू, शाई, सलग शिरोरेषा आणि लांब पान ही चारही लक्षणं त्याच बाजूला बोट दाखवतात.

याचा अर्थ ताडाचं काम कमी मोलाचं असा नाही. तमिळ देशात ताड अंगणातलं झाड होतं. पान विकत आणायला नको, राजाश्रय नको, दूरचा व्यापारी नको. पोथी शंभर-दोनशे वर्षांत जीर्ण होई, आणि नवी नकल करायला नवं पान दारातच मिळे. ग्रंथ टिकले ते या अखंड नकलांमुळे. तमिळ पंडित उ. वे. स्वामिनाथ अय्यर गावोगाव हिंडून अशाच पोथ्या गोळा करत राहिले. 1887 साली जीवकचिंतामणी आणि 1894 साली पुरनानूरू त्यांनी छापून आणलं. ज्या कुटुंबांनी नकला थांबवल्या, त्यांच्या घरातले ग्रंथ कायमचे गेले. तंजावरच्या सरस्वती महालात दोन्ही जगं एकाच छताखाली आहेत: दक्षिणी लिप्यांतली ताडपत्रं आणि भोसल्यांच्या राज्यातलं कागदावरचं मोडी लेखन.

श्रीताडाची गोष्ट इतकी सुखाची नाही. पानाची मागणी संपली, छत्र्या कापडाच्या झाल्या, शाकारणीची जागा कौलांनी घेतली. फुलोरा येणं अशुभ, गावावर अरिष्ट येतं, अशी समजूत किनाऱ्यावर काही ठिकाणी आहे. त्या भीतीपायी फुलू लागलेली झाडं तोडली जातात. एकदाच फुलणाऱ्या झाडाच्या बाबतीत याचा परिणाम भयंकर असतो. पन्नास वर्षं वाढवलेलं झाड बी न देता जातं, त्याचा वंश तिथेच संपतो. अशी समजूत असलेल्या गावांत जाऊन, फुलोऱ्यानंतर झाड आपोआप मरणार आहे आणि तोवर त्याची फळं पडू द्यावीत, एवढं समजावून सांगणं आणि ते बी रुजवणं हे फार मोठ्या खर्चाचं काम नाही.

दुसरं काम ग्रंथालयांचं. आपल्या हस्तलिखित सूचींत साहित्याच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘ताडपत्र’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यापुढे श्रीताड की ताड, शाईचं की कोरलेलं, आणि पानाची लांबी-रुंदी, इतकं नोंदवलं तर मजकुरात कुठेही न लिहिलेला इतिहास हाती येईल: पान कुठल्या किनाऱ्यावरून आलं असेल, पोथी लिहवणाऱ्याची ऐपत काय असेल, कुठल्या शतकात कुठल्या प्रांतात श्रीताडाची आवक आटली. हर्न्लेनं सव्वाशे वर्षांपूर्वी मूठभर पोथ्यांवरून हे करून दाखवलं. आपल्या संग्रहांत आज त्याच्या कितीतरी पट पानं आहेत. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात जे तरुण आज हस्तलिखितांचं अंकीकरण करत आहेत, त्यांनी मजकुराचं छायाचित्र घेताना पानाचीही ओळख लिहून ठेवावी. ग्रंथ ज्या झाडानं तोलून धरला, त्याचं नाव सूचीत असणं हा त्या झाडाचा हक्क आहे.